आठ कोअर म्हणजे आठपट वेग? नाही हो!
‘आठ कोअरचा संगणक घ्या, आठपट पळेल,’ हे आमच्या मालवणात अजून ऐकू येतं. नाही पळत. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला, काम करणारा एकेक गडी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, आठवा. दोर ओढायला माणसं वाढवली की जाळं लवकर किनाऱ्याला येतं. पण होडी समुद्रात जाळं सोडून येईपर्यंत सगळ्यांना वाळूत उभंच राहावं लागतं. संगणकातही काही काम असं एकामागून एकच होतं. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ साली नेमकं हेच मांडलं. समजा, १० टक्के काम वाटून देता येत नाही. तर ८ कोअरवर वेग जेमतेम ४.७ पट. हजार कोअर लावा, तरी १० पटीच्या आतच! शिवाय सगळ्या कोअरना एकाच मेमरीतून माहिती घ्यायला रांग लावावी लागते, ती वेगळीच. व्हिडिओ रेंडरिंगला, म्हणजे संपादन केलेला व्हिडिओ तयार करायला मात्र जादा कोअर खरंच उपयोगी. आंब्याच्या पेट्यांची बिलं करायला चार चांगले कोअर आणि एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची वेगवान डिस्क, पुरे.