ऑपरेशननंतर हाताने जड उचलायचंच नाही?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लसिकाग्रंथी (अंगातला द्रव गाळणाऱ्या बारीक ग्रंथी) काढल्या, की बाईला हमखास ताकीद मिळते: त्या हाताने जन्मभर बादली उचलायची नाही, हात सुजेल. हे खरं नाही. सूज येते ती ग्रंथी काढल्याने किंवा रेडिएशनने द्रवाचा निचरा मंदावतो म्हणून. स्नायू हलले की तो द्रव उलट पुढे सरकतो. हात नुसता जपत बसलं तर खांदा आखडतो आणि दुखतो तो वेगळाच. अमेरिकेत सूज असलेल्या १४१ जणींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. शिकवून, हळूहळू जास्त वजन उचलायला लावलेल्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही, मधूनमधून उसळणारा त्रासही कमी झाला. अर्थात टाके ओले असताना नव्हे, आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच. बांगडी घट्ट व्हायला लागली तर डॉक्टरांना दाखवा; हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी.