सायरन लावला की बंबाला सगळं माफ? नाही हो

परवा परत ग्रुपवर तेच फिरत होतं, की बंबाचा सायरन चालू असला की ड्रायव्हरला कुठलाच नियम नाही, सिग्नलकडे बघायची पण गरज नाही. अर्धंच खरंय. 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये सिग्नल तोडायची, स्पीड लिमिट ओलांडायची मुभा आहे, पण खरंच इमर्जन्सी असेल तरच आणि पूर्ण काळजी घेऊन. (वाट न देणाऱ्याला 10,000 दंड, तो भाग वेगळा.)

आणि गणित बघा ना, 3 किमी 60 च्या स्पीडने गेलात तर 3 मिनिटं, 80 ने सव्वादोन, म्हणजे वाचले 45 सेकंद, आणि त्यासाठी 4,500 लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन घेऊन चौकात घुसायचं? त्यात टाकी अर्धी असली तर वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी कलंडू शकते. काचा बंद, एसी, गाणी चालू असलेल्या कारवाल्याला सायरन कळेपर्यंत बंब पार जवळ आलेला असतो. म्हणून लाल सिग्नलला थांबून, चारी बाजू बघूनच पुढे जायचं.

बंबातल्या सीट बेल्टचं पण तेच, न लावणारे म्हणे उतरायला उशीर होतो. अहो, एक बटण दाबायचं असतं!