बिअर-आस्वादन

बिअर-आस्वादन : बिअरचा रंग, फेस, वास, चव आणि तोंडाला जाणवणारा दाटपणा क्रमाने तपासून, ती ज्या प्रकारची म्हणून केलेली आहे त्या प्रकाराच्या मापाने तिला गुण देण्याची पद्धत. या व्याख्येत ‘त्या प्रकाराच्या मापाने’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. रायवळ आंबा हापूससारखा कापून खाता येत नाही म्हणून त्याचे गुण कापणाऱ्याला आंब्यातले कळते असे कोणी म्हणणार नाही. बिअरचेही तसेच. ‘बर्लिनर वाइस’ ही बर्लिनची बिअर लिंबासारखी आंबट असते आणि तिच्यात मद्यार्क जेमतेम ३ टक्के. ‘इंपीरियल स्टाउट’ काळी कुळकुळीत, भाजलेल्या कॉफीसारखी कडू आणि ८ ते १२ टक्क्यांची. पहिलीतला आंबटपणा दुसरीत आला तर ती फेकून द्यायची.

सातूचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप (कडवटपणा व सुगंध देणारी एका वेलीची फुले), यीस्ट (आंबवणारे किण्व) आणि पाणी या मुख्यतः चारच वस्तूंतून इतके प्रकार निघाले, याचे एक मोठे कारण गावोगावचे पाणी. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) प्लझेन गावचे पाणी अतिशय मृदू. तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन (दक्षिण जर्मनीतल्या) कारागिराने फिकट माल्ट आणि झातेत्स भागातले सुगंधी हॉप वापरून सोनेरी बिअर काढली. ती पहिली पिल्सनर. आज जगात सर्वाधिक खपणाऱ्या फिकट लागर (थंडाव्यात आंबवून मुरवलेल्या) बिअरी तिच्याच वंशातल्या. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पाण्यात याउलट जिप्समचे क्षार भरपूर, आणि अशा पाण्यात हॉपचा कडवटपणा कोरडा व ठसठशीत उतरतो. तिथल्या पेल एलची (उबेत आंबवलेल्या फिकट बिअरची) पिंपे मुंबई, मद्रास व कलकत्त्याच्या बंदरांत उतरत, म्हणून तिला ‘इंडिया पेल एल’ (आयपीए) हे नाव पडले. हिंदुस्थानच्या प्रवासासाठी कोणी मुद्दाम ही बिअर ‘शोधून काढली’ ही गोष्ट मात्र सांगायला जितकी सोपी तितकी खरी नाही. जास्त हॉप घातलेली, मुरवायची बिअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि त्याच जहाजांतून काळी पोर्टरही भरपूर येत असे.

‘बिअरचा प्रकार’ ही कल्पना आज ज्या अर्थाने वापरतात ती मात्र अलीकडची. इंग्रज पत्रकार मायकेल जॅक्सन (१९४२–२००७, नाव सारखे असले तरी गायकाशी संबंध नाही) यांनी १९७७ मध्ये ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ लिहून देशोदेशीच्या बिअरींची प्रकारवार मांडणी केली. त्यावेळी बेल्जियमच्या कित्येक बिअरी गावाबाहेर कोणाला ठाऊक नव्हत्या. पुढच्या परीक्षकांनी जी मापे वापरली त्यांची मुळे या मांडणीत आहेत.

चाखण्याची रीत

सोयीसाठी पेला पिल्सनरचा धरू. आधी पेला पाहायचा. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर पेल्याला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला आहे. असा पेला फेस मारतो. पेला तिरका धरून ओतायला सुरुवात करायची आणि शेवटी सरळ करायचा, म्हणजे दोन बोटे फेस धरतो. फेसाला नाक मुरडण्याची आपल्याकडे सवय आहे, ‘बिअर कमी आली’ म्हणून. पण वास वर आणण्याचे काम फेसच करतो आणि पिल्सनरला दाट, पांढरा, टिकणारा फेस नसेल तर परीक्षक तिथेच गुण कापतात.

वास लगेच घ्यायचा, कारण नाजूक वास पहिल्या मिनिटात उडून जातात. एक लांब श्वास ओढण्यापेक्षा दोन-तीन तोकडे हुंगावे. ताज्या पावाचा, गवताचा, फुलांचा, किंचित मसाल्याचा वास आला तर हॉप आणि माल्ट जागेवर आहेत. मग घोट. तो जिभेवर फिरवून गिळायचा आणि गिळताना नाकाने श्वास सोडायचा. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग या वाटेने नाकात पोचलेला वासच असतो. बिअरचे परीक्षक सहसा घोट थुंकत नाहीत, कारण गिळल्यावर मागे राहणारा कडवटपणा किती वेळ टिकतो आणि कसा संपतो हे त्यांना पाहायचे असते. त्यामुळे नमुनेही ६० ते ९० मिलिलिटरचे, इवलेसे असतात. दोन नमुन्यांच्या मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव. क्रम हलकीकडून जडीकडे. स्टाउटनंतर पिल्सनर घेतली तर ती पाण्यासारखी लागेल आणि त्यात पिल्सनरचा दोष काही नाही.

तापमानाकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. फिकट लागर ४ ते ७ अंश सेल्सिअसला ठीक, पण इंग्लिश एल किंवा स्टाउट १० अंशांच्या वर आली की बोलू लागते. बर्फासारख्या थंडगार बिअरमध्ये वास दबतात आणि जीभही बधिर होते. चांगली आणि सुमार बिअर एकसारखी लागावी असे वाटत असेल तर दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवाव्यात.

गुण आणि दोष यांची भाषा

चाखणाऱ्याला काय जाणवले ते दुसऱ्याला कळले पाहिजे, त्यासाठी शब्द लागतात. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ मॉर्टेन मीलगार्ड यांनी १९७० च्या दशकात बिअरचे ‘स्वादचक्र’ तयार केले. एका चाकावर शंभराहून अधिक चवी व वास कुळांप्रमाणे मांडलेले, आणि शक्य तिथे प्रत्येकामागे एखादे रासायनिक द्रव्य. त्यामुळे ‘मला लोण्यासारखे लागते’ हे केवळ मत राहत नाही. ते डायॲसिटिल आहे आणि ते मोजता येते. लागरमध्ये ते दोष ठरते. बहुधा यीस्टला आपले काम पुरे करायला वेळ मिळालेला नसतो. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडचा, कच्च्या सफरचंदाचा ॲसिटाल्डिहाइडचा. ओलसर पुठ्ठ्यासारखा कुबटपणा आला तर बिअर जुनी झाली, हवेतल्या ऑक्सिजनने आपले काम केले.

सूर्यप्रकाशाने होणारा दोष वेगळा. हॉपमधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की त्यातून गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि त्याचा वास स्कंक नावाच्या अमेरिकन प्राण्याच्या फवाऱ्यासारखा येतो. हा प्राणी आपल्याकडे नाही; जळक्या रबराशी जवळीक सांगता येईल. तपकिरी बाटली हा उजेड बराचसा अडवते, हिरवी व पारदर्शक फारसा अडवत नाही. बिअर शॉपीच्या काचेत उन्हाकडे तोंड करून मांडलेली हिरवी बाटली घेऊ नये, हा या सगळ्या रसायनशास्त्राचा व्यवहारातला अर्थ.

मात्र एकीकडचा दोष दुसरीकडे गुण असतो. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, आणि तो आलाच पाहिजे. बांबेर्ग शहरातली ‘राउखबिअर’ बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची. तिचा पहिला घोट घेताना चुलीजवळ बसल्यासारखे वाटते. ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेकडच्या खेड्यांतली ‘लँबिक’ हवेतल्या रानटी जंतूंवर आंबवतात. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र करून ‘ग्यूझ’ बनते. तिच्या वासाला इंग्रज परीक्षक ‘घोड्याच्या पाठीवरची घोंगडी’ म्हणतात, आणि ही तक्रार नसून शाबासकी आहे. लाइपझिगची ‘गोझ’ तर मीठ आणि धणे घातलेली, आंबूस. ताकाला सरावलेल्या जिभेला तिची ओळख लवकर पटावी.

इथे मराठी चाखणाऱ्याने उसने शब्द वापरण्याचे कारण नाही. अमेरिकन ‘कॅस्केड’ हॉप १९७२ मध्ये लागवडीसाठी खुला झाला आणि त्याच्या वासाने अमेरिकन पेल एलची ओळख घडवली. तो वास ग्रेपफ्रूटचा, असे सगळीकडे छापलेले असते. ज्याने पपनस सोलले आहे त्याला वेगळे सांगायला नको. गडद माल्टमध्ये काकवी, भाकरीचा करपलेला पापुद्रा, खरपूस शेंगदाणे सापडतात. आंबट बिअरीत आमसूल आणि कैरी.

गुणांकन

स्पर्धांमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी एक पत्रिका अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची. एकूण गुण ५० : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला अवघे ३ गुण आहेत हे लक्षात घेण्यासारखे. ४५ च्या वर गुण म्हणजे त्या प्रकाराचा अव्वल नमुना. असे गुण क्वचितच दिले जातात. प्रत्येक प्रकाराचे लेखी वर्णन असते, त्यात कडवटपणाच्या एककांची मर्यादाही : अमेरिकन लाइट लागरला ८ ते १२, अमेरिकन आयपीएला ४० ते ७०. परीक्षकाला बिअरचा प्रकार सांगतात, नाव सांगत नाहीत. दोघे-तिघे एका मेजावर बसतात, आधी न बोलता गुण मांडतात, आणि तफावत फार असेल तर बोलून जवळ येतात.

दारू कारखान्यांच्या प्रयोगशाळांत चालणारी परीक्षा याहून रूक्ष. ‘त्रिकोणी चाचणी’त तीन पेले ठेवतात, दोन सारखे व एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगतात. ही पद्धत १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये घडली. अंदाजाने ठोकणाऱ्याचेही तीनातून एकदा बरोबर येते, म्हणून चाचणी पुन्हापुन्हा घ्यावी लागते. ‘मी डोळे मिटून ब्रँड ओळखतो’ म्हणणाऱ्या मित्राला ही चाचणी घरी सहज देता येते. मैत्री टिकवायची असेल तर पैज लावू नये.

सामान्य पिणाऱ्यांनी गुण द्यायची प्रथा इंटरनेटने आणली. १९९६ मध्ये ‘बिअरॲडव्होकेट’, २००० मध्ये ‘रेटबिअर’, २०१० मध्ये ‘अनटॅप्ड’. इथे प्रकाराचे माप गळून पडते आणि ‘मला किती आवडली’ एवढेच उरते. परिणाम ठरलेला : याद्यांच्या डोक्यावर जड, काळ्या, चढ्या मद्यार्काच्या आणि दुर्मीळ बिअरी, नितळ, निर्दोष पिल्सनर खाली कुठेतरी. पिल्सनरमध्ये काही लपत नाही, ती करणे अवघड, हे बिअर करणारे सगळे सांगतात. पण गुण देणाऱ्याला पहिल्या घोटात धक्का हवा असतो.

या प्रवृत्तीचे ठळक उदाहरण ‘वेस्टव्लेटरेन १२’. बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधल्या सेंट सिक्स्टस मठातले ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाचे साधू ती करतात. १०.२ टक्के मद्यार्क, गडद तपकिरी, मनुका-अंजिरांच्या चवीची. बाटलीला कित्येक वर्षे लेबल नसे, बुचावरून ओळखायची. २००५ मध्ये रेटबिअरच्या सदस्यांनी ती जगातली पहिल्या क्रमांकाची ठरवली, बातम्या झाल्या, आणि मठाच्या दारात मोटारींच्या रांगा लागल्या. साठा संपला. साधूंनी उत्पादन वाढवले नाही. मठ चालावा एवढीच विक्री, हा त्यांचा नेम. पुढे मठाच्या बांधकामासाठी पैसे लागले तेव्हा काही पेट्या तेवढ्यापुरत्या बाहेर विकल्या. बिअर उत्तम आहे यात वाद नाही. पण ती मिळत नाही, या गोष्टीचेही गुण तिला मिळाले असावेत.

थोड्या मतांचा प्रश्न वेगळा. पाच जणांनी पैकीच्या पैकी दिलेली बिअर पाच हजारांच्या सरासरीला मागे टाकते. म्हणून रेटबिअरने कमी मते असलेल्या बिअरला एकूण सरासरीकडे ओढणारे सूत्र वापरले. लहान नमुन्यावर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नाचे पायाभूत उत्तरही बिअरच्याच कारखान्यातून आलेले आहे. डब्लिनच्या गिनेसमध्ये १८९९ पासून काम करणारे विल्यम गॉसेट यांच्यापुढे सातू आणि हॉपचे मोजकेच नमुने असत. त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या लेखातून संख्याशास्त्रातली टी-चाचणी निघाली. रेटबिअर २०१९ मध्ये एका बहुराष्ट्रीय बिअर कंपनीच्या पूर्ण मालकीचे झाले, तेव्हा गुण देणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे घर एकच झाले अशी टीका झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत ते बंद झाले.

महाराष्ट्रात

परमिट रूममध्ये वेटर ‘माइल्ड की स्ट्राँग?’ एवढेच विचारतो. बहुतेक ठिकाणी प्रकारभेद इथेच संपतो, आणि दोन्ही उत्तरांना येते ती लागरच. हे चित्र शहरांपुरते बदलले ते पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यानंतर. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचे : मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सैनिकांचे डोके फिरे, म्हणून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे चक्रम. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींत आता गव्हाची बिअर, स्टाउट, आयपीए नळावर मिळतात आणि चार-सहा लहान पेल्यांचा ‘सँपलर’ मागवता येतो. कायद्याने बिअरसाठी वय २१ पूर्ण हवे आणि पिण्याचा परवानाही.

चाखणे आणि चखणा हे शब्द एकाच घरचे, पण एकाच मेजावर त्यांचे पटत नाही. हॉपचा कडवटपणा आणि मिरचीचा तिखटपणा एकमेकांना भडकवतात. मसाला शेंगदाण्यांनंतर आयपीए नुसती जाळते, माल्ट दिसतच नाही. गुण द्यायचे असतील तर बशी बाजूला सारून आधी सगळे पेले संपवावे लागतात, आणि हे बहुतेकांना अशक्य होते.