बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय? आधी तुमची फाइल बघा

मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीत आता चार मजली बिल्डिंगी बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात, बाकी सगळीकडे पत्रे, क्रेन आणि बावीस-पंचवीस मजली टॉवर. आमचीही गेल्या वर्षी लागली लाइनीत, आणि त्या धावपळीत जे कळलं ते सविस्तर लिहितोय, कारण मीटिंगमध्ये सगळे कार्पेट एरिया आणि बिल्डर काम होईपर्यंत देतो त्या भाड्यावर भांडतात पण स्वतःच्या कागदांकडे कोणी बघत नाही.

आधी सोसायटीची प्रोसेस थोडक्यात. नियम आहेत सहकार कायद्याच्या 79(अ) खालचे, 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयातले. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. कोरम दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची लेखी संमती लागते, म्हणजे हजर असलेल्यांपैकी नाही बरं का, एकूण, यावर आमच्याकडे दोन तास वाद झाला होता. मग पीएमसी म्हणजे प्रकल्प सल्लागार नेमायचा, फिजिबिलिटी रिपोर्ट, टेंडर, आणि बिल्डर निवडायच्या सभेला सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाचा अधिकारी हजर पाहिजे, शूटिंगही झालं पाहिजे. बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी द्यायची असते, ही अट बिल्डर हळूच गाळायला बघतात, सोडू नका.

बिल्डिंग 30 वर्षांची झाली असेल तर मुंबईत विकास नियमावलीच्या 33(7)(ब) खाली जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो, जुन्या बांधकामाच्या 15 टक्के किंवा दर घरामागे 10 चौरस मीटर, जे जास्त असेल ते. पण जमीन सोसायटीच्या नावावर हवी. जुन्या बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, दिलंच नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरशिवाय जमीन नावावर करून घ्यायचा) अर्ज करायचा, त्याला सगळ्यांचे अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) लागतात, म्हणून हे काम टेंडरच्या आधी काढा.

आता तुमची स्वतःची फाइल. शेअर सर्टिफिकेट ओरिजिनल, फ्लॅटचं रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू, स्टॅम्प ड्युटीची पावती, फ्लॅट आधी दुसऱ्याकडून घेतला असेल तर आधीची सगळी साखळी, आधार, पॅन, ताजं लाइट बिल, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याची पावती, आणि होम लोन चालू असेल तर बँकेची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र.

आमच्या आईने हे सगळं बाबांच्या जुन्या रेक्झिनच्या बॅगेत ठेवलं होतं, कापूर घालून. बॅग उघडली तर 1984 चं अ‍ॅग्रीमेंट घडीवर फाटलेलं, बाबांचं नाव एका कागदावर आजोबांच्या नावासकट पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आडनाव आणि इनिशियल, आणि शेअर सर्टिफिकेट अजून बाबांच्याच नावावर, बाबा जाऊन नऊ वर्षं झाली तरी. नॉमिनी आई आहे म्हणून आम्ही निवांत होतो. तिथंच चूक झाली.

नॉमिनी म्हणजे मालक नाही. सहकार कायद्यातल्या 154ब-13 प्रमाणे नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, मालकी वारसांचीच राहते. नवीन फ्लॅटच्या करारात नाव पक्कं लागायला वारसांचं काम पूर्ण करावं लागतं: मृत्यू दाखला, वारस दाखला किंवा मृत्युपत्र असेल तर ते, आणि बाकीच्या वारसांना हक्क सोडायचा असेल तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र. नुसत्या नोटरीवर चालत नाही. आमची एक बहीण नाशिकला, एक दुबईला, दुबईवालीची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून करून आणायलाच दीड महिना गेला. नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र वेगळं. कोणाकडे असं काही अडलं असेल तर आजच वकिलाकडे जा, सगळी बिल्डिंग रिकामी होत असताना भावंडांच्या सह्या गोळा करणं फार जीवावर येतं.

घर रिकामं कधी करायचं? महापालिकेच्या परवानग्या हातात आल्यावर आणि तुमचा वैयक्तिक करार, ज्याला पीएएए म्हणजे कायमस्वरूपी पर्यायी घराचा करार म्हणतात, तो रजिस्टर झाल्यावरच. त्यात रेराप्रमाणे (घरखरेदीदारांसाठीचा कायदा) कार्पेट एरिया, मजला, फ्लॅट नंबर, पार्किंग, भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, सगळं आकड्यात लिहून घ्या. सोसायटीच्या बिल्डरशी झालेल्या डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटवर पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरलेली असेल तर या करारावर परत तेवढी मागता येत नाही, 2023 मध्ये मुंबई हायकोर्टाने हे स्पष्ट केलंय. जास्तीची जागा विकत घेत असाल तर मात्र तेवढ्यावर भरावी लागते. शासन निर्णयात काम दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत संपवायचं आहे, ती तारीख आणि उशिराचा दंड करारात नसेल तर सही करू नका.

आणि टॉवर तयार झाला, लिफ्ट चालू झाली, सोळाव्या मजल्यावरून डोंगर दिसायला लागला तरी ओसी म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र आल्याशिवाय चावी घेऊन राहायला जाऊ नका, कारण ओसी नसेल तर पाण्याचं रेग्युलर कनेक्शन अडकतं आणि टँकरचं बिल सभासदांच्याच माथी येतं.