फाइलनावाच्या लांबीचा इशारा (व्हर्च्युअलायझेशन सर्व्हर)

एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सर्व्हरच्या स्टोरेजवरील फाइलचे नाव फाइलप्रणालीची (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेची) मर्यादा ओलांडू लागले की येणारी सूचना. लिनक्सवर ती बहुधा ‘फाइल नेम टू लाँग’ अशी, एरर क्रमांक ३६ म्हणून दिसते.

ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या प्रणालींत एका नावाला २५५ बाइट मिळतात. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही आकडा २५५च, पण तिथे बाइट नव्हे, १६ बिटांची एकके मोजतात. सगळा घोळ इथे आहे. यूटीएफ-८मध्ये (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) रोमन अक्षर एका बाइटात बसते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘त्र्यंबकेश्वर’ वाचायला पाच अक्षरे, साठवायला १३ चिन्हे, म्हणजे ३९ बाइट. रोमन लिपीत तेच नाव १३ बाइटांत मावते. मराठी नाव त्यामुळे ८५ चिन्हांवर अडते. ई-क्रिप्टएफएस या लिनक्सवरच्या कूटबद्धीकरण प्रणालीने नावेही कूटबद्ध केली असतील तर मर्यादा १४३ बाइटांवर येते. मराठीला जेमतेम ४७ चिन्हे.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांत शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक, हंगाम असे सारे फाइलनावातच कोंबले, तर विंडोजच्या संगणकावर ते बिनतक्रार सेव्ह होते आणि नाशिकच्या कार्यालयातला लिनक्स सर्व्हर ते नाकारतो. (‘७/१२’ तर दोन्हीकडे चालत नाही, तिरकी रेघ फोल्डर वेगळे करण्यासाठी राखीव आहे.)

दोष शोधताना आधी इशारा कोणत्या थरातून आला ते पाहावे. व्हीएमच्या, म्हणजे आभासी संगणकाच्या, आतली फाइलनावे होस्टला, म्हणजे तो चालवणाऱ्या मूळ सर्व्हरला, दिसतच नाहीत. त्याच्या दृष्टीने अख्खी व्हर्च्युअल डिस्क म्हणजे एकच फाइल. म्हणून होस्टचा इशारा बहुधा डिस्क इमेज (व्हर्च्युअल डिस्कची फाइल), आयएसओ (सीडी-डीव्हीडीची प्रत असलेली फाइल) किंवा बॅकअपच्या नावाबद्दल असतो. फाइल-फाइल करून घेतलेल्या बॅकअपमध्ये मात्र आतली नावे बाहेर येतात. प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर डिस्कला व्हीएमच्या क्रमांकावरून आखूड नाव देते, तिथे हा त्रास कमी. मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही चेकपॉइंट (व्हीएमची त्या क्षणीची स्थिती) घेताना मूळ नावापुढे ३६ खुणांचा ओळख क्रमांक जोडते, त्यामुळे काल चालणारे नाव आज अडू शकते. विंडोजवर पूर्ण पाथची (फोल्डरांसह फाइलच्या पत्त्याची) जुनी २६० अक्षरांची मर्यादाही आड येते. विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून ती सेटिंगने शिथिल करता येते, मात्र प्रोग्रामनेही तशी सोय ठेवलेली असावी लागते. एकेका नावाची २५५ची अट त्याने हटत नाही.

लिनक्सवर ‘गेटकॉन्फ’ आज्ञा त्या फोल्डरची मर्यादा सांगते. नाव ‘डब्ल्यूसी’ या मोजणीच्या आज्ञेला बाइट मोजायला सांगून मोजावे, डोळ्यांनी अक्षरे मोजून उपयोग नाही. नाव बाइटवर आंधळेपणाने छाटणारी स्क्रिप्ट वापरू नये: तीन बाइटांचे चिन्ह मधूनच तुटते आणि नाव वाचण्यापलीकडे जाते.

डिस्क फाइलचे नाव फाइल मॅनेजरमधून परस्पर बदलणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय. व्हीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुने नाव नोंदलेले असते, स्नॅपशॉटमध्येही (चेकपॉइंटसारख्याच स्थितीच्या नोंदीत) मूळ डिस्कचा पत्ता असतो. साखळी तुटली की व्हीएम सुरू होत नाही. बॅकअप घ्यावा, स्नॅपशॉट मर्ज करावेत (मूळ डिस्कमध्ये मिसळावेत), व्हीएम बंद करावे आणि मगच व्यवस्थापन साधनातून नाव बदलावे. नावात आखूड क्रमांक ठेवून बाकी मजकूर वर्णनाच्या रकान्यात लिहिला, तर फाइल दुसऱ्या स्टोरेजवर हलवतानाही अडत नाही.