उतारकोन व खेच-दिशा

उतारकोन व खेच-दिशा : साच्यात घडलेली वस्तू न घासता, न अडकता बाहेर यावी म्हणून तिच्या उभ्या भिंतींना दिलेला किंचित तिरकेपणा म्हणजे उतारकोन. कारखान्यात याला ‘ड्राफ्ट’ किंवा ‘टेपर’ म्हणतात. साचा ज्या रेषेत उघडतो ती खेच-दिशा. उतार हा भिंतीचा स्वतंत्र गुण नव्हे. खेच-दिशा बदलली की त्याच भिंतीचा उतारही बदलतो. म्हणून आधी दिशा, मग कोन.

पृष्ठभागावरील बिंदूपाशी बाहेरच्या बाजूस उभारलेला लंब व खेच-दिशा यांतील कोन ९० अंशांतून वजा केला की तिथला उतारकोन मिळतो. तो धन असल्यास भिंत सुटते, शून्य असल्यास घासते आणि ऋण असल्यास अडकते. या अडकणाऱ्या भागास ‘अंडरकट’ म्हणतात. त्यासाठी सरकता कोअर (वस्तूची पोकळी घडवणारा साच्याचा आतला भाग) घालावा लागतो व साचा महागतो. गुळगुळीत प्लॅस्टिक भागांना सहसा १ ते २ अंश पुरतात. पृष्ठभाग खरखरीत ठेवायचा असल्यास खरखरीच्या दर ०.०२५ मिमी खोलीमागे सुमारे १ ते १.५ अंश वाढवतात. १०० मिमी खोल डब्याला १ अंश दिल्यास प्रत्येक बाजू सुमारे १.७५ मिमी कलते, म्हणजे तोंड तळापेक्षा ३.५ मिमी रुंद होते. थंड होताना प्लॅस्टिक आकसून आतल्या कोअरला आवळते. त्यामुळे आतल्या बाजूचा उतार अधिक जपावा लागतो.

वेगवेगळे भाग खेचून काढायच्या, म्हणजे तुकड्यांच्या साच्यांचा सर्वांत चर्चिलेला प्राचीन पुरावा चीनमधील शांग काळाचा (साधारणतः इ. स. पू. १६०० ते १०४६) आहे. तिथली कांस्यपात्रे मेणसाच्याने (मेणाच्या नमुन्याभोवती माती लिंपून केलेल्या साच्याने) ओतली असावीत, असे आरंभी काही पाश्चात्य अभ्यासक मानत. शांगांची राजधानी असलेल्या आन्यांग येथे सापडलेले मातीच्या साच्यांचे तुकडे आणि पात्रांवरील सांध्यांच्या (साच्याचे भाग जुळतात तिथल्या) रेषा पाहता तुकड्यांच्या साच्याचे मत अधिक ग्राह्य ठरते. मेण वितळून निघून जाते, त्यामुळे मेणसाच्यात खेचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी (सामान्यतः इ. स. पू. सुमारे २५००) मेणसाच्याच्याच पद्धतीची मानली जाते.

संगणकाने खेच-दिशा शोधण्याचे दोन मार्ग दिसतात. १९९० मध्ये बी. रवी व एम. एन. श्रीनिवासन यांनी सांध्याचा सपाटपणा, खेचीची खोली, उतार, अंडरकट असे निकष एकत्र तोलण्याची रीत मांडली. रवी यांनी पुढे मुंबईत पवईच्या आयआयटीत ओतकामावर दीर्घकाळ काम केले. दुसरा मार्ग ‘दृश्यता-नकाशां’चा : भाग कोणकोणत्या दिशांनी पूर्ण दिसतो ते गोलावर मांडणे. तो भूमितीला चोख आहे; पण साचा कापणाऱ्याच्या अडचणी पहिल्या मार्गातच अधिक उमटतात.

मुंबईतील घराघरांत याचे उदाहरण म्हणजे मोदकाचा साचा. त्याचे दोन भाग आडवे उघडतात व मोदकावर सांध्याची बारीक रेघ उमटते. प्रत्येक भागाच्या मधल्या कळ्या खेच-दिशेकडे तोंड करून असल्याने सहज सुटतात. सांध्यालगतच्या खोल कोरल्या तर उकड तिथेच फाटते. लालबाग-परळच्या कारखान्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्तींसाठी रबरी साचा वापरतात. सोंडेचे वळण किंवा कानामागची खाच यांतूनही रबर ताणून सोलता येते. त्याला बाहेरून धरणारे कवच मात्र कडक असते. त्याचे तुकडे पाडताना प्रत्येक तुकड्याची खेच-दिशा वेगळी ठरवावी लागते.