भिंतींचे लाकडी पॅनेलिंग

घरातील भिंतीवर लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून तिच्यावर फळ्या किंवा प्लायवूड बसवण्याचे सुतारकाम. युरोपातील थंड देशांत दगडी भिंतींचा गारठा अडवण्यासाठी ते रूढ झाले. आपल्याकडे ते बहुधा टीव्हीमागे किंवा पलंगाच्या डोक्याशी, एकाच भिंतीला करतात.

पॅनेलिंगने ओल थांबत नाही, झाकली जाते. मागे बुरशी धरते आणि वाळवीला आयता आडोसा मिळतो. म्हणून आधी भिंत तपासावी. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून २४ तास ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर गळती काढून भिंत पूर्ण वाळेपर्यंत काम सुरू करू नये. बाहेरच्या भिंतीची शंका असेल, तर ही तपासणी पावसाळ्यातच करावी.

१० फूट रुंद, ९ फूट उंच भिंतीला ८ × ४ फुटांच्या तीन शीट नेमक्या पुरतात. मात्र वरची एक फुटाची पट्टी तिसऱ्या शीटच्या उरलेल्या अर्ध्या भागातून, लाकडाच्या रेषा उभ्याच राहतील अशी कापावी लागते. त्यामुळे तिच्यात दर दोन फुटांवर सांधा येतो. तो लपवण्यापेक्षा तिथे खाच ठेवलेली बरी. चौकटीला ५० × २५ मिमीच्या पट्ट्या सुमारे १०५ धावते फूट लागतात. १२ मिमी प्लायला उभ्या पट्ट्या दर २४ इंचांवर चालतात. ६ मिमी प्लाय हाताने दाबताच आत जातो, त्याला १६ इंच अंतर हवे. दमट खोलीत साध्या एमआर (ओलावा थोडाफार सोसणाऱ्या) प्रतीऐवजी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तग धरणाऱ्या) प्रतीचा प्लाय घ्यावा.

सर्वाधिक चूक स्क्रूच्या लांबीत होते. २५ मिमी पट्टी आणि १५ मिमी गिलावा वजा जाता ५० मिमीचा स्क्रू विटेत जेमतेम १० मिमी शिरतो आणि वर्ष-दोन वर्षांत सैल होतो. ७५ मिमीचा स्क्रू प्लगसह, दर दीड फुटावर मारावा. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही. तिच्यासाठी लांब नायलॉन प्लग वेगळे मिळतात. पट्ट्या दोरी आणि ओळंब्याने एका पातळीत आणून खोलगट जागी पाचर द्यावी. सगळे काम या चौकटीवरच तोलले जाते.

अस्सल सागाच्या फळ्या हव्या असतील, तर लाकडाची हालचाल धरावी लागते. १०० मिमी रुंद फळी उन्हाळा-पावसाळ्याच्या फरकाने सुमारे मिलिमीटरभर फुगते-आकसते. फळ्या आठवडाभर त्याच खोलीत, मध्ये काड्या घालून रचून ठेवाव्यात. मे महिन्यात बसवताना सांध्यात किंचित फट सोडावी. घट्ट ठोकल्या, तर जुलैत त्या पोट काढतात. फळीच्या एकाच कडेला खिळा मारावा, दोन्ही कडा जखडल्या की ती मधोमध चिरते. पॉलिश करण्याआधी मागच्या बाजूलाही सीलरचा (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या द्रावाचा) एक हात द्यावा. नाहीतर एका बाजूने दमट हवा पिऊन फळी वाकते.

वायरचे जोड पॅनेलमागे सोडू नयेत. स्विचचे डबे पुढे आणून पॅनेलच्या पृष्ठभागाशी समतल करावेत. पॅनेल फरशीपासून अर्धा इंच वर थांबवून ती फट स्कर्टिंगने (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीने) झाकावी, म्हणजे लादी पुसतानाचे पाणी प्लायच्या कापलेल्या कडेत शिरत नाही.